सरांचा भोंगा आणि आठवी 'ब'ची खिडकी

मी भोंगा बोलतोय. अहो, कानांवर हात कशाला ठेवता? अजून कोणी बटण दाबलेलं नाही. मैदानावर हातात धरून ज्यातून ओरडतात ना, तोच मी.

शाळेने मला खेळाच्या सरांसाठी घेतलं. खरं सांगायचं तर त्यांना माझी काही गरज नव्हती. सर 'सावधान!' म्हणाले की शेजारच्या बँकेतला कारकूनही खुर्चीत ताठ बसायचा. पण मी हातात असलो की सरांना हुरूप यायचा, आणि मलाही आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना एक गुच्छ दिला आणि जुना झालो म्हणून मलाही देऊन टाकलं.

घरी माझी जागा कपाटावर. खाली सर आणि बाई, म्हणजे त्यांची बायको. बाईंना कमी ऐकू यायचं. "या माणसाबरोबर एवढा संसार केल्यावर कान टिकतील कसे?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. सरांचं घरातलं बोलणंही कवायतीचंच. "चहा!" "चष्मा!" "चल!" त्या तोंडून गोड शब्द निघाल्याचं मी तरी वरून कधी ऐकलं नाही.

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, माणसं एकमेकांना बघून बाजूला व्हायला लागली. आणि एक दिवस बाईंनाच ताप भरला. त्यांना नेलं कुठे, तर सरांच्याच शाळेत! वर्गांमधले बाक काढून तिथे खाटा टाकल्या होत्या. बाईंची खाट आठवी 'ब'मध्ये, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीजवळ. आत जायला कोणालाच परवानगी नाही. फोनवर बाईंना ऐकू येईना, आणि व्हिडिओ कॉल लावला तर दोन्हीकडून नुसती कपाळं दिसायची.

शेवटी सरांनी मला कपाटावरून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि नवे सेल घातले. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

रोज संध्याकाळी आम्ही कुंपणाबाहेर उभे राहायचो. तब्येत विचारणं सरांना कुठलं जमतंय? त्यांनी हुकूमच सोडले. "ग्लास उचल! पाणी पी! श्वास आत! सोड!" बाई खिडकीत बसून सगळं करायच्या. हळूहळू आख्खा वर्ग करायला लागला. एकदा सर 'श्वास आत!' म्हणाले आणि पहारेकऱ्याशी बोलत बसले. वरून नर्स धावत खिडकीशी आली, "अहो सर, सोडा म्हणा! सोडा म्हणा आधी!"

पण पुढे बाईंच्या शेजारच्या खाटेवरच्या मावशी गेल्या. दोघींची चांगली गट्टी जमली होती. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दोन दिवस त्या खिडकीत आल्या नाहीत.

नर्स खाली येऊन म्हणाली, "सर, ताप उतरलाय. पण घास घेत नाहीत. आता माझाच नंबर, म्हणतात. असं चाललं तर अंगात काही उरायचं नाही."

सर घरी आले आणि मला मांडीवर घेऊन बसून राहिले. मला फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीने मला उचललं. साथीत गावातला कारखाना बंद पडला होता, हातावर पोट असलेली माणसं घरी बसली होती, आणि त्यांच्या मोर्चात ही पुढे. "आजोबा झोपलेत, तासाभरात आणून ठेवते," असं स्वतःशीच म्हणाली. तासाभराचं काय झालं ते विचारू नका. पोलिसांनी मोर्चा नेमका शाळेसमोर अडवला. इकडून मी कोकलतोय, "काम द्या, नाहीतर भत्ता द्या!" तिकडून पोलिसांचा नवा कोरा भोंगा, "मागे फिरा!" कोणीतरी दगड उचलला. काठ्या वर झाल्या.

तेवढ्यात मला शोधत, गर्दीतून वाट काढत सर आले. नातीच्या हातून त्यांनी मला हिसकावलं आणि सवयीने ओरडले, "सावधान!"

सगळ्यात आधी ताठ झाले ते पोलिसांचे मोठे साहेब. मग त्यांचे शिपाई. मग मोर्चातली निम्मी माणसं. अहो, सगळे त्याच शाळेतले! दगडवाल्याने दगड हळूच खिशात टाकला.

"माझं दोन मिनिटांचं काम आहे," सर म्हणाले. "ते झालं की खुशाल हाणा एकमेकांना."

मग ते खिडकीकडे वळले. "जेव!" खिडकी रिकामीच. "ऊठ आणि जेव!" कोणी नाही. सरांनी बटण मात्र दाबलेलंच ठेवलं.

"अगं... मला घरात करमत नाही. चहा मला करता येतो, ते नव्हे. तू नसलीस तर मी ओरडू कोणावर? तू मला हवीस गं. दोन घास खा आणि घरी ये."

रस्त्यावर कोणी खोकलंसुद्धा नाही. साहेबांनी टोपी काढून उगाचच पुसली.

खिडकीत आधी एक हात आला, मग बाई आल्या. हातवारे करून काहीतरी म्हणत होत्या, पण आवाज खाली पोचेना. नर्सने वाकून ओरडून सांगितलं, "आजी म्हणतायत, मास्क नाकावर घ्या!"

सरांनी घेतला. मोर्चाने घेतला. पोलिसांनीही घेतला.

"झालं, सर?" साहेबांनी विचारलं.

"झालं. विश्राम!"

एकदा विश्राम म्हटल्यावर पुन्हा चवताळायचं कसं? साहेब नातीला घेऊन बोलणी करायला गेले. काही जणांना पुढे काम परत मिळालं, काही जण अजून भांडतायत. त्या संध्याकाळी बाई मात्र जेवल्या.

त्या घरी आल्या तेव्हा फार बारीक झाल्या होत्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी रस्त्यावर काय म्हणालात?"

"ऐकलंस की तू."

"मला कमी ऐकू येतं. परत सांगा."

सर कानापर्यंत लाल झाले. इकडे बघ, तिकडे बघ. शेवटी मला खाली काढलं, तोंडाशी धरलं, बटण दाबलं. माझ्यात सेलच नव्हते! नातीने पुन्हा पळवू नये म्हणून त्यांनी स्वतःच काढून घड्याळात घातले होते. सर इतकं हळू बोलले की मलाही नीट ऐकू आलं नाही. बाईंना शब्द न् शब्द ऐकू आला.

"बरं," त्या म्हणाल्या, "आता अजून अर्धा कप टाका."

माझे सेल अजून घड्याळातच आहेत. कोणी नवे आणून द्यायच्या विचारात असाल, तर कृपा करा, आणू नका. रोज संध्याकाळी बाईंना पुन्हा कमी ऐकू येतं, आणि सर मला खाली काढतात.