दुध्या भोपळ्याचा गंडा

हुलकवाडीत कवचबुवांचं पितळ भर दुपारी, दोनशे माणसांसमोर उघडं पडलं आणि मनुबाईची शेवंता वाचली. पण आज गावात जाऊन विचाराल, तर लोक म्हणतील, "असलं काय झालंच न्हाय." गावाचा एवढा आग्रहच आहे, तर आपणही काही झालं नाही असं धरून चालू.

तर काहीच झालं नव्हतं. सन १९१३ चा चैत्र होता. निपाणीपासून दोन कोसांवरच्या या गावात, हंगाम संपून रिकाम्या झालेल्या तंबाखूच्या खळ्यावर माणूस मावत नव्हतं. मधे पाटावर कवचबुवा. अंगभर हळद, कपाळभर कुंकू, डोळे मिटलेले. कणकुंबीच्या रानात बारा वर्षं तप करून त्यांनी देवीच्या रोगाला वश केलं होतं. ज्या पोराच्या दंडाला ते काळा गंडा बांधतील, त्याला जन्मात देवी यायच्या नाहीत. आणि खरंच, गेल्या वर्षी गंडा बांधलेल्या पोरांपैकी एकालाही आल्या नव्हत्या. एकालाही!

"ह्याला म्हंत्यात शक्ती," आण्णाप्पा पाटील म्हणाला. "न्हायतर आमचा सरकारी डाक्तर बगा. टोचतोय आन् जातोय. मंत्र न्हाय, काय न्हाय."

सरकारी डाक्तर म्हणजे रघुवीर चिकोडीकर. तो डॉक्टर नव्हता. बेळगावच्या डेपोतून आलेली लस काचेच्या नळीतून गावोगाव नेऊन पोरांना देवी टोचणारा नोकर होता. अकरा वर्षं तो हेच करत होता. तो वेशीत दिसला की आया पोरांना कणगीत लपवत. एकदा कणगीत एक आजोबाच सापडले. आपण पोर नाही हे त्यांनी कबूल केलं, पण बाहेर यायला नकार दिला. रघुवीरला पूर्वी राग यायचा. सहाव्या वर्षी तो संपला. आता तो नुसता खळ्याकडेच्या पिंपळाखाली बसून होता, शेजारी त्याचा शिपाई मष्णू.

"बया, हात घे! कोप ने, कवच दे!" बुवा गरजले. "आण रं लेकरू. डावा दंड म्होरं कर. डावीकडं शक्तीचा वास असतोय!"

डोळे मिटूनच ते पोराचा डावा दंड चाचपत. अंगठा थांबला की चेहरा उजळे, गंडा बांधला जाई. काही पोरांच्या दंडावर मात्र अंगठा थांबत नसे. मग बुवांचा हात थरथरू लागे. "बया रुसलीया! नवस फेडा. फुडल्या अवसेला या."

रघुवीर कंटाळून बघत होता. कंटाळलेल्या माणसाला फार दिसतं. बुवांचा अंगठा जिथे थांबत होता, तिथेच तो अकरा वर्षं टोचत आला होता.

"मष्णू," तो म्हणाला, "बुवा आपले वण चाचपतोय."

"व्हय सायेब. आपून टोचायचं, त्येनं बांदायचं."

तेवढ्यात मनुबाई चार वर्षांच्या शेवंताला कडेवर घेऊन रडत आली. बुवांनी पोरीला दुसऱ्यांदा परत पाठवलं होतं. आणि कालच शेजारच्या गुंडूच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला होता. त्याच्या थोरल्याला देवी आल्या होत्या. दोन दिवसांमागे शेवंता त्याच्याच ताटात जेवली होती.

"मनुबाई, शेवंताला मी मागल्या वर्षी टोचलंय ना?" रघुवीरने विचारलं.

मनुबाईने पदर चावला. "टोचलं व्हतं. पर तुमची पाठ फिरली आन् आडावर नेऊन लिंबाच्या पाण्यानं धुतलं. लई जणी धुत्यात. वासराची लस अंगात ऱ्हायली तर बया कोपती म्हंत्यात."

"म्हणजे वण उठला नाही. म्हणूनच बुवाला सापडला नाही. आण इकडे, आत्ता टोचतो."

"नगं! बुवानं न्हाय म्हटल्यावर टोचलं, तर पोर जाईल माजी."

रघुवीरने उसासा टाकला. मग त्याची नजर खळ्यालगतच्या आण्णाप्पाच्या वेलमांडवावर लोंबणाऱ्या एका कोवळ्या दुध्यावर गेली.

"आणि बुवानं भोपळ्याला गंडा बांधला तर?"

मनुबाई रडायची थांबली. "तर टोचा. आन् ह्या खेपंला धुणार न्हाय."

दुध्या उन्हात तापला होताच. मष्णूने त्याला तेल चोळलं, लशीच्या नळीचं तोंड दाबून वणांसारखे चार खळगे उठवले आणि बाळुत्यात गुंडाळून मनुबाईच्या हातात दिला. ती रांगेत जाऊन उभी राहिली.

"तान्हं हाय, बुवा. झोपलंय."

बुवांचा अंगठा बाळुत्यात शिरला. सकाळपासून शंभरेक दंड चाचपून तो अंगठाही दमला होता. एक खळगा, दुसरा, तिसरा, चौथा. चेहरा उजळला.

"वा! काय तेज! काय शांत लेकरू! ह्येला शंभर वर्सं देवी शिवायची न्हाय!" आणि गंडा बांधला.

मष्णूने बाळुतं ओढलं.

खळ्यावर माना उंचावल्या. दुध्या गंडा मिरवत पडला होता. भाकीत चुकलं असं मात्र कुणाला म्हणता येईना. दुध्याला देवी येत नाहीतच.

"भोपळ्यातबी जीव असतोय," बुवा म्हणाले. पण हळू.

रघुवीर उठला. भाषण द्यायचा त्याला आळस होता; नाइलाज होता. "गंडेवाल्या पोरांचे दंड बघा. प्रत्येकावर चार वण आहेत. ते मी केलेत. परत पाठवलेल्यांचे बघा. एकही नाही. बुवा देवीला अडवत नाही, तो ज्यांना देवी येणारच नाहीत अशी पोरं निवडतो."

"मग अडवतंय कोन?" आण्णाप्पाने विचारलं.

"पोराचं रक्त. लशीत गाईची सौम्य देवी असते. रक्तातले राखणदार आठवडाभर तिच्याशी झोंबतात आणि चोराचा चेहरा लक्षात ठेवतात. पुढं खरी देवी आली की दारातच ओळखतात. हे राखणदार विलायतेत भिंगाखाली पाहिलेत लोकांनी. त्यांना मंत्र लागत नाही. फक्त टोचल्यावर धुऊ नका."

गर्दीतून नागुबाई पुढे आली. तिचा मुलगा बुवांनी मागल्या चैत्रात परत पाठवला होता. वैशाखात तो देवीने गेला. वर्षभर ती अनवाणी, एक वेळ जेवून, बयेची माफी मागत होती.

"डाक्तर," ती म्हणाली, "म्हंजे बया माज्यावर रुसली नव्हती?"

"नाही, नागुबाई. कुणीच रुसलं नव्हतं."

ती तिथेच मातीत बसली. रघुवीरला अकरा वर्षांत एवढं थकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

मनुबाईने शेवंताचा दंड पुढे केला. पोरीने गाव डोक्यावर घेतलं. आठव्या दिवशी दंडावर चार टपोरे फोड आले. त्या महिन्यात देवी गल्लीतल्या पाच घरांत शिरल्या, शेवंताच्या अंगाला लागल्या नाहीत.

आणि गाव? बुवा त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावी गेले. दुध्याची भाजी करायला कुणी धजेना. महिनाभरात त्याला शेंदूर लागला. मंगळवारी त्याच्यापुढे पोरांचे दंड टेकवतात. बुवाचं नाव काढलं की म्हणतात, कोण बुवा?

रघुवीरने निपाणीच्या मुक्कामी अर्ज लिहिला:

"मेहेरबान सॅनिटरी कमिशनरसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार विनंती करतो की, कोणत्याही बुवा, देव, अंगारा अगर भोपळ्याच्या गुणाचा दाखला देणे झाल्यास, ज्यांस गुण आला त्यांचे नावांशेजारी ज्यांस परत पाठविले व जे मेले त्यांचीही नावे लिहावीत. अन्यथा दाखला रद्द समजावा. सदर हुकूम सर्व गावांस, सर्व बुवांस व तेहतीस कोटी देवांस लागू करून त्यांच्या पोचपावत्या अर्जदाराकडे पाठविण्याची तजवीज व्हावी. कळावे."