दोन कड्यांचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, आणि माझ्या बोलण्यातलं निम्मं तरी खरं धरा. मित्रांनो, मी झाड होतो तेव्हा इतका उंच होतो, की थकलेले ढग माझ्या फांद्यांवर डुलक्या काढायचे. सुताराने मला रंधा मारला तेव्हा त्यातले दोन ढग भुशातून निसटून गेले. सुताराला विचारू नका, तो शिंकत होता.

मला एका घराच्या मधोमध बसवलं. अलीकडे थोरली जाऊ, पलीकडे धाकटी. दिवसभर माझ्यातून वाट्या, गप्पा आणि चुगल्या ये-जा करायच्या. मग एका परातीला पोचा आला. थोरली म्हणाली, धाकटीने पाडला. शब्दाला शब्द वाढला आणि मला दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या.

थोरलीची कडी सात वर्षं निघाली नाही. धाकटी मात्र रोज सकाळी आपली कडी काढायची, झोपताना लावायची. ना हाक, ना टकटक. नवरा हसायचा. पलीकडून बंद असताना आपली काढून काय उपयोग, म्हणायचा.

"जाऊबाईंना कधी यावंसं वाटलं, तर माझ्यामुळे अडायला नको," ती म्हणायची.

थोरलीला तो खुट्ट आवाज रोज ऐकू जायचा. पहिल्या वर्षी तिने नाक मुरडलं. तिसऱ्या वर्षी ती कान देऊ लागली. पुढे तर तो ऐकल्याशिवाय तिला चहा गोड लागेना. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

एके सकाळी कडी वाजलीच नाही. धाकटीचा नवरा परगावी, पुढचं दार आतून बंद, आणि आत नुसता खोकला. थोरलीने चहा तसाच ठेवला आणि आपली गंजलेली कडी ओढली. बोट सोलवटलं, पण निघाली. मीही अंग सैल सोडलं होतं, ते श्रेय माझं. पलीकडून मात्र मी बंदच.

"कडी काढ गं. मी आहे."

तापाने फणफणलेल्या धाकटीला वाटलं, स्वप्न पडतंय. ती अंथरुणातच पडून राहिली.

थोरली परत गेली नाही. पाट घेऊन मला टेकून बसली. ऊन खिडकीतून जमिनीवर उतरलं, भिंतीवर चढलं, तरी तिच्या हाका चालूच. शेवटी अगदी हळू म्हणाली, "परातीला पोचा माझ्याच हातून पडला होता."

आत पलंग करकरला. भिंत धरत धरत धाकटी आली.

"जाऊबाई स्वप्नातसुद्धा हे कबूल करायच्या नाहीत," ती पुटपुटली. "म्हणजे खऱ्याच आल्यात."

कडी निघाली. थोरलीने तिला पडता पडता सावरलं.

आता मी सताड उघडा असतो आणि मुलं माझ्यावर ओले टॉवेल टाकतात. त्याने लाकूड फुगतं, तेवढं जपा. आणि मित्रांनो, कधी बंद दारासमोर उभं राहावं लागलं, तर लाथ मारू नका. आपल्या बाजूची कडी काढा आणि बसा. पलीकडच्या माणसाला यायला वेळ लागतो. ते भिंत धरत येत असतं.