जांभळी पिशवी

सकाळी रंगारीबुवांच्या लघवीची पिशवी जांभळीधमक निघाली आणि घरात एकच रणधुमाळी उडाली.

मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपचार चालू होते. नळी आणि पिशवी कित्येक महिने अंगाला चिकटलेली. डॉक्टरीणबाईंनी रंगाच्या पिंपांपासून लांब राहायला बजावलं होतं. जन्मभर सूत रंगवलेला हा माणूस ऐकतोय कसला, म्हणून बायकोने मागच्या रंगखोलीला कुलूप ठोकून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली होती.

"गेलात ना तिकडे?" ती कडाडली. "काल मी बहिणीकडे गेले आणि तुम्हाला रान मोकळं! पिशवीसुद्धा रंगवून ठेवलीत!"

बुवांनी तर रंगखोलीचं तोंडही पाहिलं नव्हतं. म्हणजे हा रंग आतूनच आलेला. आजाराने पुन्हा डोकं वर काढलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पण बायको भांडत होती, अगदी पदर खोचून, पूर्वीसारखी. आजार निघाल्यापासून ती त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची, आणि ते बुवांना मुळीच सोसत नव्हतं.

"गेलो होतो," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मग काय, तिने तोंडाचा पट्टाच सोडला. बुवा चहात बिस्कीट बुडवत ऐकत राहिले.

किल्ली दुसरीकडे लपवावी म्हणून तिने पर्स उघडली, तर किल्ली आतच होती. आणि ही पर्स तर काल दिवसभर तिच्याच खांद्याला होती.

तिने त्यांना तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी उजेडात धरली. "काका, क्वचित होतं असं. नळीत जंतू झालेत, त्यात तुमचं पोट साफ नाही. हा रंग त्या जंतूंनी केलाय, त्यात चक्क नीळ असते. नळी बदलू, औषध देते. कॅन्सर वाढलेला नाही, परवाच तपासलंय."

"म्हणजे घरबसल्या धंदा चालू आहे माझा!" बुवांच्या जिवात जीव आला होता.

परतताना बायकोने विचारलं, "गेलाच नव्हतात, तर कबूल कशाला केलंत?"

"खरं कळलं असतं तर घाबरली असतीस. त्यापेक्षा रागावलेली बरी. तू रागावलीस की घर घरासारखं वाटतं."

घरी येताच तिने रंगखोलीचं कुलूप काढलं, उंबऱ्याबाहेर खुर्ची मांडली आणि हातमोजे चढवले.

"इथून हलायचं नाही. मी रंगवते, तुम्ही चुका काढा," ती म्हणाली. "आणि चांगल्या मोठ्याने काढा. मला भांडायचंय."