बायडाबाईचे दहा सेकंद

"हाड्! मागं सर मुडद्या! तुज्या बापाचा ऊस हाय व्हय?"

सेवा क्लबचे अध्यक्ष सुदर्शनशेठ शाल घ्यायला वाकले होते, ते वाकलेलेच राहिले.

व्यासपीठाशेजारी हायस्कूलच्या रोबोटिक्स क्लबने आणलेले यंत्र उभे होते. चार चाके, एक टॉर्च आणि बिबट्याला हाकलायला एक भोंगा. समोर काही हलले की ते ओरडे. आता सेवा क्लबच्या कार्यक्रमात सत्कारवाल्यांशिवाय दुसरे काय हलणार? स्वागताध्यक्ष उठले, हाड्. सचिव श्रीफळ घेऊन निघाले, हाड्. माजी अध्यक्षांना तर दोनदा बसल्या; एक जाताना, एक येताना. पोरे तोंडावर हात दाबून हसत होती.

मागे नारळांचे ताट धरून उभा असलेला शाळेचा शिपाई गेणभाऊ तेवढा हसला नाही. आवाज त्याच्या बायकोचा होता.

श्रावणात पोरांना भोंग्यासाठी जरबेचा आवाज हवा होता. त्यांना शिकवणाऱ्या साधना मॅडमनी एकेका मास्तरांचा घेऊन पाहिला. त्यांना वर्ग घाबरत नव्हता, तिथे बिबट्या काय घाबरणार? मग गेणभाऊने बायडाबाईला आणले. लाल बटण दाबून तिने दहा सेकंदांत काम उरकले. "एवढंच? माजं तर आत्ता कुठं सुरू झालं व्हतं," म्हणाली.

कार्तिकात तापाचे निमित्त झाले आणि तीन दिवसांत बायडाबाई गेली. यंत्र चाचणीसाठी गेणभाऊच्याच अंगणात, उसाच्या कडेला असे. तेव्हापासून तो येता-जाता मुद्दाम त्याच्या समोरून जाई. कधी दारापर्यंत पोचून, काही विसरल्यासारखे करून, परत फिरे. चार शिव्या पोटात गेल्या की मग भाकरी जाई.

"यंत्र एक नंबर आहे," सुदर्शनशेठ माइकवर म्हणाले. "चाळीस वस्त्यांवर आपला क्लब अशी यंत्रं बसवणार! पण ही भाषा? उद्या कलेक्टर साहेब बघायला आले, तर त्यांनाबी मुडद्या म्हणायचं का? मीच आवाज देतो. शुभारंभ पण होऊन जाईल. कुठलं बटण?"

"लाल," आरोही म्हणाली. यंत्र जोडणारी तीच. "पण सर, नवा आवाज घेतला की जुना पुसतो. ह्यात एकच मावतो."

"अगं, पुसायचाच तर आहे!"

साधना मॅडम मागे वळल्या. "गेणभाऊ, तुमच्या मोबाईलमध्ये आहे ना हा आवाज? दुसरीकडे कुठं?"

गेणभाऊचा मोबाईल फोन उचलण्यापुरता होता. 'नाही' एवढेच म्हणायचे होते. पण एकतीस वर्षांत चालू कार्यक्रमात त्याने 'चहा आणू का' यापलीकडे तोंड उघडले नव्हते. शिवाय मागच्याच आठवड्यात आरोहीच्या वस्तीवरून बिबट्याने कालवड नेली होती. चाळीस वस्त्या ऐकल्यापासून पोरगी श्वास धरून उभी होती.

"हाये की," तो म्हणाला. "लई ठिकाणी हाये. घ्या शेठचा आवाज."

टाळ्या झाल्या. सुदर्शनशेठनी फोटोवाल्याकडे बघत बटण दाबले. "नमस्कार! सेवा क्लबच्या वतीने आपले हार्दिक स्वागत आहे!" पुढचे पाच-सहा सेकंद काय बोलावे ते त्यांना सुचले नाही, म्हणून ते नुसतेच खाकरले. तेही आत गेले.

गेणभाऊने त्यांच्या हातात नारळ दिला.

यंत्र टेम्पोतून दुपारीच पोचते झाले. शाळेला कुलूप लावून गेणभाऊ राजुरीच्या वाटेने घराकडे आला, तेव्हा ऊन उतरले होते. अंगणात यंत्रापुढे एक भटके कुत्रे शेपूट हलवत बसले होते. शेपूट हलली की त्याचे हार्दिक स्वागत होई. मग खाकरणे. कुत्रे कान टवकारून पुन्हा शेपूट हलवी.

गेणभाऊ वळणावर उभा राहिला. दार समोर वीस पावलांवर होते. त्याने चपला काढून हातात घेतल्या, बांधावर चढला आणि ओल्या उसातून घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेला.