बारावा बंधारा

थोरल्याच्या बुटांना कधी चिखल लागत नाही, हे आईला केव्हापासून खुपत होतं. पाणी अडवायच्या सरकारी कचेरीत सतरा वर्षं काढली, डोंगर-ओढ्यांचे आराखडे केले, आणि बूट बघावेत तर नवरदेवासारखे! "उंटावरून शेळ्या हाकतोय मेला," ती पुटपुटायची. शेजारणीने तेच म्हटलं असतं, तर मात्र तिची जीभ हासडून हातात दिली असती.

रविवारी दुपारी त्याने ताटं सरकवून टेबलावर नकाशा पसरला. आईची अक्षरओळख सहीपुरती. पण डोंगर कागदावर काढला तरी तिला ओळखू येई. त्या डोंगराच्या कुशीतच तिचं माहेर, आणि आता तिथेच धाकटी लेक नांदत होती. वस्तीची विहीर आटलेली. धाकटी रोज खालून पाणी आणायची, दोन खेपा सकाळी, दोन संध्याकाळी.

"हा बारावा बंधारा," थोरल्याने निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "धाकटीच्या विहिरीसाठी."

आईने चष्मा चढवला. "इथे ओढा कुठला? दरड कोसळली तेव्हापासून तो टेकडीला वळसा घालून पलीकडून वाहतो. इथे आता गुरं बसतात. नकाशा चुकलाय, बाबा."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दोनदा जाऊन आलोय, आई." त्याने डोळे चोळले. "नकाशा दुसऱ्या खात्याचा. दुरुस्तीसाठी तीन पत्रं धाडली, उत्तर नाही. आता हात लावला, तर आराखडा परत पहिल्यापासून. बाकीचे अकरा बंधारे बरोबर आहेत, तेही अडकतील."

"जाऊन आलास, तर बूट?"

"धुतो. कचेरीत गालिचा आहे."

आईला हसू येता येता राहिलं. "आणि बांधून झाल्यावर?"

"कागदावर वस्तीला पाणी मिळालं."

"म्हणजे पुन्हा कुणी फिरकणार नाही."

थोरल्याने आराखड्यावर सही केली. क्षणभरही थांबला नाही, तेच आईला लागलं.

"तू वाईट नाहीस," ती म्हणाली. "दमलायस, दिसतंय मला. पण दमलास तू, आणि हंडा बहिणीच्या डोक्यावर. उद्या कचेरीतून थेट तिच्याकडे जा. तुझी विहीर भरली, असं तिच्या तोंडावर सांग. आणि येताना बूट धुऊ नकोस."