दाराबाहेरचा पाढा

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या तक्त्यात शिंपीणबाईंपुढे दोन लाल फुल्या होत्या. लघवीचा नमुना द्यायला त्यांनी दोनदा नकार दिला होता आणि नियमाप्रमाणे नकार म्हणजे झोपेच्या गोळ्या पुन्हा घेतल्याची कबुलीच. तिसरी फुली पडली की लेकीची रविवारची भेट रद्द.

गोळ्या त्यांनी एकेचाळीस दिवस घेतल्या नव्हत्या. अडचण वेगळीच होती. कुणी नमुना बदलू नये म्हणून नर्सने संडासाच्या उघड्या दारात उभं राहायचं. आणि पाठीमागे कोणी उभं असलं की बाईंचं अंग दगड होई. नवऱ्याच्या घरातली वर्षं त्यांची पाठ अजून विसरली नव्हती.

मी प्रयोगशाळेत नवी. चार दिवस स्वतःच्याच नमुन्यांचं तापमान मोजलं आणि डॉक्टरबाईंसमोर आलेख ठेवला.

"ताजा नमुना पहिली चार मिनिटं बत्तीस अंशांच्या वर असतो. बाहेरून आणलेला बहुधा थंड निघतो. पेल्यालाच तापमानाची पट्टी लावू. दार बंद राहू दे."

"चार दिवस तू हेच करत होतीस?"

"पाणीही भरपूर प्यायले."

"बरं बाई, करून बघू," त्या हसत म्हणाल्या.

शुक्रवारी दार बंद झालं. बाईंना त्रास नको म्हणून नर्सताई आणि मी बाहेर चिडीचूप. दहा मिनिटं काहीच नाही.

"अहो, आहात कुठे तुम्ही?" आतून कापरा आवाज आला. "कळत नाही, म्हणून जास्त भीती वाटते!"

हे माझ्या आलेखात नव्हतं.

"मी इथे, खिडकीपाशी," नर्सताई म्हणाल्या. "बोलत राहू का?"

"बोला. काहीही बोला."

काहीही म्हटलं की माणसाला नेमकं काही सुचत नाही. ताईंनी पाढे सुरू केले. सतरापर्यंत गाडी सुसाट आली आणि अडली.

"सतरा सत्ते... सतरा सत्ते..."

"एकशे एकोणीस!" बाई आतून ओरडल्या. "थांबू नका ना, आत्ता कुठे जमतंय!"

हसू दाबताना माझ्या हातातलं घड्याळ पडता पडता राहिलं.

पेला बाहेर आला. पस्तीस अंश. पाच मिनिटांनी गोळ्यांची तपासणीही साफ निघाली.

बाईंनी तिथूनच लेकीला फोन लावला. "रविवारी ये. आणि तो उसवलेला फ्रॉक घेऊन ये, शिवून देते." मग फोनवर हात ठेवून त्या खिडकीकडे वळल्या. "ताई, आता पुरे की!"

नर्सताई एकोणिसाच्या पाढ्यात होत्या.