दोन दिवसांची मुंबई

आदिनाथने लेकीच्या लग्नातली उरलेली पत्रिका मांडीवर उलटी ठेवली, कोऱ्या बाजूवर 'मुंबई' असं ठळक लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. रुपाली चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वळवून पाहिलं आणि हसू आवरलं. असल्या रेघा तिने याआधी सहा वेळा पाहिल्या होत्या.

"बायांना एसटीत अर्धंच तिकीट," तो म्हणाला. "म्हंजी दीड तिकिटात दोघं. दादरला धर्मशाळा हाय, एका रातीपुरती खोली मिळती. फोन करून ठिवलाय."

"आन खायाचं?"

"दशम्या घे, शेंगदान्याची चटनी घे. दोन दिस सहज निघत्यात. चौपाटीवर भेळ तेवढी इकत घिऊ. एकच, दोघांत."

"माझी मी येगळी घेनार," रुपाली म्हणाली. "बावीस वर्षं थांबले, आता अर्धी भेळ न्हाई खायाची मी."

आदिनाथने निमूटपणे एकाचे दोन केले.

लग्नाच्या वर्षी त्याने तिला समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. बेत सहा वेळा ठरला आणि सहा वेळा राहिला. एकदा कारखान्याची ऊसतोड ऐनवेळी आली, एकदा सासऱ्यांनी अंथरूण धरलं, एकदा गाय अडली. रुपालीने कधी तोंड वाकडं केलं नाही. पण गेल्या वर्षी लेक निकिताला श्रीगोंद्याला नांदायला पाठवल्यापासून टीव्हीवर समुद्र दिसला की ती उठून आत जायची. आदिनाथच्या ते लक्षात आलं होतं. या वेळी त्याने कुणाला न विचारता शनिवार ठरवून टाकला.

"जा की," ओसरीवरून चांगुणाबाई म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचे कान अजून तिखट होते. "दोन दिसांत घर काय उडून जात न्हाई. गायीची धार काकासाहेब काढतोय. शेरडं माझी मी बघते."

बोलता बोलता त्यांनी आतल्या भिंतीला उभी केलेली खाट उंबऱ्यावरून ओढत अंगणात नेली आणि शेळ्यांच्या कुडाला लागून टाकली. होळी पेटली की चांगुणाबाईंची खाट बाहेर यायची, ती मृगाचा पाऊस पडेपर्यंत रात्री आत जायची नाही. पत्र्याखाली त्यांचा जीव घाबरायचा. नवरा होता तेव्हाही हेच, तो गेल्यावरही हेच. कोल्हारच्या शिवारातल्या या वस्तीवर होळी झाल्याची खूण म्हणजे म्हातारीची खाट.

काकासाहेब शेजारच्या वस्तीवरचा. दूध घालून जाताना तो बांधावर थांबला.

"माझा ऊस गेला बघा काल. आता या अंगाला तुमचाच उभा हाय."

"आमची तोड आठ दिसांनी," आदिनाथ म्हणाला.

"आमचं कुत्रं दोन दिस झालं दिसंना. तुमच्याकडं आलं का?"

"न्हाई बा."

काकासाहेबाने घराच्या मागच्या उसाकडे पाहिलं. ऊस पुरुषभर उंच, दाट, वाळल्या पाचटाने भरलेला होता. मग त्याने गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, उजाडता उजाडता रुपाली सड्याच्या बादलीत शेण घेऊन पाण्यासाठी मागच्या दारी गेली. गुरांच्या पाण्याचा हौद तिथेच होता. हौदातून सांडलेल्या पाण्याने भोवतालची माती मऊ झाली होती आणि त्या मातीत ठसे होते. चार बोटं आणि मागे रुंद गादी. तिने वाकून हात शेजारी धरला. ठसा तिच्या तळव्याएवढा भरला. कुत्र्याचं पाऊल असतं तर पुढे नखं उमटली असती. इथे नखं नव्हती.

तिची पाचावर धारण बसली. गावात बिबट्याला वाघच म्हणतात, आणि या भागात उसाच्या कडेला राहणाऱ्या बाईला त्याचं पाऊल ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. ठसे उसातून आले होते, हौदापाशी थांबले होते आणि परत उसात गेले होते. हौदापासून शेळ्यांचा कूड वीस पावलांवर होता.

हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक मारली की आदिनाथ येणार, काकासाहेब येणार, पाठोपाठ निम्मं गाव येणार. पिंजरा मागवायचा, रात्रीची राखण लावायची. मग समुद्र सातव्यांदा राहणार, आणि या वेळीही तिला समजूतदारपणे "राहू द्या हो, पुन्हा जाऊ" म्हणावं लागणार. ते वाक्य आता तिच्या घशातून निघण्यासारखं नव्हतं. पानी पिऊन गेला असंल पुढं, तिने स्वतःला सांगितलं. मग अंगणात घालायचा सडा तिने हौदापाशी ओतला आणि खराट्याने माती सारखी केली. स्वतःची लाज वाटली तिला, अगदी मनापासून वाटली. तरी हात थांबले नाहीत.

शुक्रवारी ठसे पुन्हा होते. तिने पुन्हा सडा ओतला. त्या दिवशी त्यांचा मोत्या, जो एरवी पाखरू उडालं तरी भुंकायचा, गव्हाणीखाली जाऊन बसला तो भाकरी दाखवली तरी बाहेर येईना.

संध्याकाळी दशम्या बांधता बांधता ती सासूबाईंना म्हणाली, "आत्या, चार दिस खाट आतच टाका की. अजून गारठा हाय."

"आता कसला आला गारठा?" चांगुणाबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आन शेरडांजवळ कोन?"

यापुढे बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं. रुपालीने दशम्यांच्या फडक्याला गाठ मारली, सुटली म्हणून पुन्हा मारली. आदिनाथ तिथेच पिशवी भरत बसला होता. त्याने मान वर केली नाही. पत्रिकेच्या मागचा हिशोब तेवढा त्याने पुन्हा एकदा वाचून काढला.

शनिवारी ती रोजच्यापेक्षा लवकर उठली. कालवलेल्या सड्याची बादली घेऊन हौदापाशी गेली आणि थबकली. माती आधीच सारखी झालेली होती. खोऱ्याचे रुंद, ओले फटकारे कडेपासून कडेपर्यंत मारलेले होते. हौदाच्या पलीकडे आदिनाथ उभा राहून खोरं धूत होता.

"चिखल झाल्ता," तो म्हणाला. "आईचा पाय घसरायचा."

"बरं केलं."

त्याची नजर तिच्या हातातल्या बादलीवर गेली. सडा अंगणात घालतात, हौदापाशी कुणी घालत नाही. त्याला ते कळलं, आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलं. दोघांपैकी एकाने जरी आता तोंड उघडलं असतं तर पिशवी रिकामी झाली असती. वस्तीवर मुलखाची शांतता होती. उसात कुठेतरी पाचट वाजलं आणि थांबलं.

"साडेसहाची गाडी हाय," आदिनाथ म्हणाला.

"चला की मग. च्या ठिवते."

निघताना चांगुणाबाईंनी सुनेच्या पिशवीत घरातला नारळ घातला. "समिंद्राला वाहा. तिथं इकत घिऊ नका, मुंबईत म्हाग असतोय." मग त्या शेळ्यांच्या कुडाला टेकून उभ्या राहिल्या. बांधावरून वळेपर्यंत रुपालीला त्यांचं पांढरं डोकं आणि त्यामागचा ऊस दिसत होता. तिने दोनदा मागे वळून पाहिलं. आदिनाथने एकदाही पाहिलं नाही.

एसटी निघाली. रुपालीला खिडकीची जागा मिळाली होती, घाट लागला तेव्हा तिने बोट करून दरी दाखवली, त्याने मान हलवली. धर्मशाळेतली खोली स्वच्छ निघाली. सगळं कसं पत्रिकेवर लिहिल्याप्रमाणे होत गेलं, रुपयाचाही फरक पडला नाही. इतक्या वर्षांत प्रथमच काही आडवं आलं नाही, आणि त्याचीच दोघांना धास्ती वाटत होती.

दिवस कलताना दोघं चौपाटीवर पोचली. समुद्र रुपालीने मनात धरला होता त्याहून मोठा होता आणि मळकट होता. तरी तिला भरून आलं. चपला आदिनाथच्या हातात देऊन ती पाण्यापर्यंत गेली, नारळ वाहिला, हात जोडले. लाटेने नारळ परत आणून तिच्या पायाशी टाकला. तिने तो पुन्हा लोटला आणि परतायला वळली.

ओल्या वाळूत तिची पावलं स्पष्ट उमटली होती, पाचही बोटांसकट. ती बघत असतानाच लाट आली आणि वाळू सपाट करून गेली. रुपाली जागीच उभी राहिली.

"काय झालं?" आदिनाथने विचारलं.

"आत्यांना आत झोपायला सांगितलं ना तुमी?"

त्याने चपला या हातातून त्या हातात घेतल्या. "मला वाटलं तू सांगितलं असशील. सुक्करवारी बोलत हुतीस की."

"गारठ्याचं बोलले मी. ते न्हाई बोलले."

आदिनाथने फोन काढला. दुसऱ्या हातात चपला होत्या म्हणून नंबर तिने लावला आणि फोन तिनेच कानाला धरला. बऱ्याच वेळाने चांगुणाबाईंनी उचलला.

"पोचला का गं? वाहिला का नारळ?"

"व्हय, आत्या. आत्या, आज खाट आत घ्या. माझं ऐका. मागं हौदावर..."

"ठाव हाय मला," पलीकडून शांत आवाज आला. "बेस्तरवारपास्नं येतोय त्यो. पानी पितो, शेरडांकडं बघत बसतो आन जातो. मी काय रातची झोपते व्हय?"

"मग बोलला का न्हाई?"

"बोलले असते तर गेला असता का तुमी?" म्हातारी म्हणाली. "तुमी दोघं पाळीपाळीनं पुसत हुता, ते बी बघितलं मी. म्हनलं, जाऊ दे पोरांना."

लाटांचा आवाज वाढला होता. रुपालीने दुसऱ्या कानावर हात दाबला.

"आत्या, तुमच्या पाया पडते. आत झोपा."

"बरं बरं. घेते खाट."

फोन बंद करायचं चांगुणाबाईंना कधी जमत नसे. त्यांनी तो तसाच ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला असावा. आधी बांगड्या वाजल्या. मग खाटेचे पाय फरशीवरून खरडत गेले, उंबऱ्याला लागून एकदा ठक्क झालं आणि खरडणं पुढे चालू राहिलं. रुपाली जीव कानात आणून ऐकत होती. खाट रोज संध्याकाळी याच वेळी बाहेर निघायची. हाच आवाज, हाच उंबरा. ती आत चालली होती की बाहेर, ते आवाजावरून कळत नव्हतं. लांबून एक शेळी ओरडली. मग तीही गप्प झाली.

आदिनाथ तिच्या तोंडाकडे बघत होता. दोन्ही चपला त्याने छातीशी धरल्या होत्या.

"घेतली का आत?"

रुपालीने फोन बंद केला.

"घेतली," ती म्हणाली.